मांजरीला निरोप द्यायची वेळ आली हे ओळखायचं कसं? आणि शेवटी तिच्याजवळ थांबावं का?

तुमच्या १५ वर्षांच्या मांजरीची किडनी निकामी होत आलीय, डॉक्टर म्हणाले, "आता तुम्हीच ठरवा", तर ते ठरवायचं कशावरून, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी तिथे थांबावं का, हेही. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देतो: थांबा. पहिल्याला वेळ लागेल, कारण त्यात मी स्वतः चुकलो होतो.

आमची चिमणी (हे नाव ठेवणारी भाची तेव्हा चार वर्षांची होती, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता) चौदाव्या वर्षी भांडंभर पाणी प्यायला लागली. आम्ही खूश, की बरंय, पाणी पितेय. लिटर ट्रेमधले, म्हणजे शी-शूच्या वाळूतले, लघवीचे गोळे दुप्पट झाले होते, तेही रोज उचलत होतो. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा) चांगलंच वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, किडनीचं साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत हा आकडा फारसा हलतच नाही. म्हणजे 'आधी का नाही कळलं' म्हणून तुम्ही स्वतःला बोल लावत असाल, तर तेवढं तरी सोडून द्या.

त्यानंतर ती चौदा महिने जगली, आणि त्यातले निदान अकरा महिने मजेत. घरी कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टरांनीच शिकवलं. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची आणि सुई आत सरकवायची. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते आणि सुई कातडीच्या आरपार जाऊन सलाईन माझ्याच शर्टावर. नंतर बायको हे काम माझ्यापेक्षा चांगलं करायची. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली की मांजर कमी चुळबुळ करतं. पाठीवर टेंगूळ येतं, ते हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतं आणि जिरतं, घाबरू नका. प्रमाण मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. हृदय कमजोर असेल तर जास्तीचं पाणी छातीत साचतं.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते. मांजर वाटीपर्यंत येतं, वास घेतं, ओठ चाटतं आणि तोंड फिरवतं, तेव्हा आपण समजतो की आवडत नाहीये. आम्ही आठवडाभर वेगवेगळी पाकिटं फोडत बसलो. खरं तर तिला मळमळत होतं. भूक नसणं वेगळं, भूक असून मळमळ होणं वेगळं. मळमळीचं औषध सुरू झाल्यावर ती दुसऱ्या दिवशी जेवली. अन्न किंचित कोमट केलं की वास उठतो, त्यानेही फरक पडतो. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर 'बघू उद्या' करू नका. उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साचायला लागते आणि एकाचे दोन आजार होतात. आणि दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

वजनकाटा आणा, लहान बाळांचा असतो तसला. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो घटणं. रोज डोळ्यांसमोर असलेल्या जनावराचं हे आपल्याला दिसत नाही.

आता मूळ प्रश्न. डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी यासाठी एक मोजपट्टी केलीय. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही, असा ढोबळ हिशोब. पट्टी चांगली आहे. पण गुण देणारे आपण, आणि आपण लबाड असतो.

मी कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिक आणि वाईट दिवसाला फुली करायचो. सुरुवातीला चांगला दिवस म्हणजे ती स्वतः उडी मारून खिडकीत बसली, फ्रीज उघडल्यावर धावत आली, अंग चाटून स्वच्छ केलं. मग अंग चाटणं थांबलं. म्हटलं, म्हातारी झालीय. केसांच्या गाठी मीच सोडवायला लागलो. मग उडी जमेना, तेव्हा खिडकीखाली स्टूल ठेवलं. इथवर ठीकच होतं, म्हातारपणी कुणालाही आधार लागतो. पण पुढे मीच तिला उचलून खिडकीत ठेवायचो, ती जिथे ठेवली तिथेच डोळे मिटून बसायची, आणि मी रात्री टिक करायचो: आज खिडकीत बसली. शेवटच्या पंधरवड्यात सगळ्या टिकाच आहेत. बायकोने ते कॅलेंडर बघितलं आणि काहीच बोलली नाही.

म्हणून तुमच्या मांजरीच्या तीन-चार खास सवयी आजच कागदावर लिहा, ज्यांच्यामुळे ती 'ती' आहे, आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. तुमच्याकडे ठेवलात तर तुम्ही त्यात खाडाखोड कराल. त्यातल्या बहुतेक गेल्या की वेळ आली. घुरघुरतेय म्हणजे बरी आहे, यावरही जाऊ नका. मांजरं दुखत असताना, घाबरलेली असतानाही घुरघुरतात. मी सिरिंजने भरवायचो. ज्या दिवशी मला बघून ती पलंगाखाली सरकली, तो दिवस माझ्यासाठी खूण असायला हवा होता. मी आणखी चार दिवस घेतले. ते दिवस माझे होते, तिचे नव्हते. चौथ्या रात्री तिला झटके आले, आमचे डॉक्टर मिळाले नाहीत, आणि तिला निरोप दिला तो अनोळखी जागी, ट्यूबलाइटच्या उजेडात, स्टीलच्या टेबलावर.

थांबणार असाल तर काय दिसेल तेही सांगून ठेवतो. बहुतेक डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, ती पाच-दहा मिनिटांत गाढ झोपते. बोलायचं असेल ते त्याआधी बोला. मग भुलीच्या औषधाचा खूप मोठा डोस शिरेतून जातो आणि मिनिटा-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, सिनेमातल्यासारखे मिटत नाहीत. लघवी होऊ शकते, अंगाखाली टॉवेल ठेवा. हृदय थांबल्यानंतरही एखादा खोल श्वास किंवा स्नायूची थरथर दिसू शकते. मी त्या वेळी "जिवंत आहे, जिवंत आहे" म्हणून ओरडलो होतो. ती नव्हती. ते नुसतं शरीर असतं.

पुरणार असाल तर खड्डा खोल घ्या. ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या जनावरालाही बाधतं.

डॉक्टरांना उद्याच फोन करून तीन गोष्टी विचारा. घरी येऊन इंजेक्शन देता का? आधी गुंगी देता का? आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर तिला कुठे न्यायचं? पहिल्या दोन मी विचारल्या होत्या.