हौशी सॅक्सोफोनवादकाचं रेकॉर्डिंग ऐकून त्याचा टोन आणि इम्प्रोव्हायझेशन कसं जोखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या चौघांच्या गटात दर महिन्याला प्रत्येक जण फोनवर एक ब्लूज (बारा बारांच्या ठरलेल्या साच्यातलं वादन) रेकॉर्ड करून पाठवतो, बाकीचे "मस्त", "भारी" म्हणतात आणि पुढे काय बोलावं ते कुणालाच सुचत नाही. मीही हौशीच. बरीच वर्षं अल्टो सॅक्सोफोन वाजवतोय आणि मित्रांची अशी रेकॉर्डिंग्ज भरपूर ऐकली आहेत. त्यावरून एक सांगतो: टोन गोड आहे की कर्कश, जाड आहे की पातळ, हे फोनवरून ठरवायला जाऊ नका. फोन नेमकं तिथेच फसवतो.

माझाच किस्सा. शिकायला लागलो त्या वर्षी इमारतीच्या जिन्यात वाजवून रेकॉर्ड केलं. चार मजल्यांचा जिना, प्रत्येक सूर मागे रेंगाळायचा. ऐकून वाटलं, आपण पोचलो! त्याच आठवड्यात लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य घालवलेल्या एका काकांकडे गेलो. त्यांनी मला गाद्या आणि पडदे असलेल्या खोलीत उभं केलं आणि म्हणाले, "जी सूर धर. वीस सेकंद." अकराव्या सेकंदाला माझा सूर लटपटायला लागला. जिन्याने ते सगळं झाकलं होतं.

फोनचा माइक आणखी एक करामत करतो. हळू वाजवलं की आपोआप आवाज वाढवतो, जोरात वाजवलं की दाबतो. त्यामुळे वादकाचा लहान-मोठा आवाज किती ताब्यात आहे ते कळतच नाही. शिवाय बरेच जण फोन थेट सॅक्सच्या पुढच्या तोंडासमोर ठेवतात. अगदी खालचे सूर सोडले तर सॅक्सचा बराचसा आवाज उघड्या भोकांतून बाहेर पडतो. म्हणजे खालचा बी फ्लॅट ढणढणतो आणि मधले सूर बिचारे पातळ वाटतात. फोन मीटर-दीड मीटर लांब, सॅक्सच्या मध्याच्या उंचीवर आणि थोडा बाजूला ठेवायला सांगा. रेकॉर्डिंग ऐकून "हा माझा आवाजच नाही" असं कुणी म्हणालं तर त्यातही तथ्य आहे. वरचे दात माउथपीसवर (तोंडात धरायच्या भागावर) टेकलेले असतात, त्यामुळे वाजवणाऱ्याला आपला सूर कवटीतूनही ऐकू येतो. समोरच्याला तो भाग कधीच मिळत नाही.

मग ऐकायचं काय? सुराच्या दोन्ही कडा. सूर सुरू होताना आधी हवेची फुसफुस येते का, की जीभ रीडवरून (माउथपीसला लावलेल्या वेताच्या पट्टीवरून) सुटताच स्वच्छ उमटतो? संपताना तो ठरवून थांबवलाय, की दम संपला म्हणून खाली घसरलाय? माझ्या मते हौशी टोनचा निम्मा निकाल सुराच्या शेवटातच लागतो आणि तो साध्या फोनवरही लपत नाही.

दुसरी गोष्ट सूर लागण्याची. जवळपास सगळ्या सॅक्सना जन्मजात खोडी असतात: ऑक्टेव्ह की (वरच्या सप्तकात नेणारी कळ) दाबून घेतलेला मधला डी चढा बोलतो, एकही बोट न दाबता वाजणारा सी शार्प उतरा आणि पोकळ लागतो. चांगला वादक ओठ आणि घसा वापरून हे सांभाळून घेतो. म्हणून या दोन सुरांवर कान ठेवा. वरचे सूर चढे आणि खालचे उतरे असतील तर वादक बहुधा रीडला चावतोय. सगळेच सारखे उतरे असतील तर काळजी नको, सॅक्स थंड असेल किंवा माउथपीस बाहेर ओढलेला असेल. यावर उपाय आपल्या घरातलाच आहे. अल्टोचा लिहिलेला सूर आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा सूर वेगळे असतात: अल्टोवर लिहिलेला जी म्हणजे पेटीवरची काळी पाच. तानपुरा काळी पाचला लावायचा आणि त्यावर जी धरायचा. सूर हलला तर शेजाऱ्यालाही कळेल.

आणि ती सिनेमातली सवय! प्रत्येक सुराला खालून वर ओढत नेणं. एखाद्या जागी गोड लागतं, पण दर सुराला तेच केलं की मी ते सूर चुकवायची पळवाट समजतो. कद्री गोपालनाथ ऐका. कर्नाटक संगीतातला सगळा गमक (सूर हलवून, ओढून घेणं) त्यांनी याच वाद्यावर आणला, पण सूर जिथे पोचायचा तिथे पोचतोच.

आता इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे जागच्या जागी सुचेल ते वाजवणं. त्याआधी गटात एक नियम करा: बॅकिंग ट्रॅक (साथीचं तयार रेकॉर्डिंग) इयरफोनवर ऐकायचा, रेकॉर्डिंगमध्ये फक्त सॅक्स. साथ ऐकू येत असली की वादकाने काय केलं आणि साथीने काय निभावलं हे वेगळं काढता येत नाही. मग पायाने ठोका धरा आणि बार (चार मात्रांचा एक तुकडा) मोजा. नुसत्या सॅक्सवरून पाचवा बार आला हे कळलं, तर या माणसाला कॉर्ड (साथीतले एकत्र वाजणारे सूर) ऐकू येतात.

पाचवाच का? बारा बारच्या ब्लूजमध्ये पाचव्या बारला चौथ्या पायरीचा, म्हणजे 'म'वरचा कॉर्ड येतो. लिहिलेला आणि ऐकू येणारा सूर वेगळा असल्याने एफच्या ब्लूजमध्ये अल्टोवाला डीमध्ये वाजवतो. पहिल्या कॉर्डमधला एफ शार्प पाचव्या बारला उतरून एफ होतो. एकच अर्धा स्वर, पण तिथे सगळी गोष्ट फिरते. ब्लूज स्केल (ब्लूजचे ठरावीक सूर) बाराही बारांवर चालतं, म्हणून हौशी वादक त्यातच फिरत राहतो. चुकीचं काहीच वाजत नाही आणि सांगितलंही काहीच जात नाही. मी स्वतः दोन वर्षं तेच करत होतो.

इथे आपल्याकडच्या एका खोडीबद्दलही बोलतो. शास्त्रीय संगीत ऐकून तयार झालेला वादक प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर सम आल्यासारखा येऊन बसतो. ख्यालात समेची मजा आहे, कारण ती पूर्ण आवर्तनानंतर येते. ब्लूजमध्ये दर चार मात्रांनी समेवर आलात तर ते पाढे म्हटल्यासारखं वाटतं. वाक्य दोनवर किंवा चारच्या मागच्या अर्ध्या मात्रेवर सुरू होतं का, बारची रेघ ओलांडून जातं का, ते पाहा. आणि गप्प किती बसतो तेही. जाझचा सॅक्सवादक लेस्टर यंग दोन बार शांत राहिला तरी गाणं चालूच असायचं.

वेगाला मात्र मी फारसे गुण देत नाही. जलद तुकडा बहुतेक वेळा पाठ केलेला असतो. त्या तुकड्याच्या लगेच पुढे काय येतं ते ऐका, तिथे माणूस एकटा पडतो.

अभिप्राय देताना मिनिट-सेकंद लिहा. "१:१२ वरचा डी चढा आहे" एवढं पुरे, आणि एका वेळी एकच. माउथपीस बदलायचा सल्ला तर देऊच नका. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा सल्ल्यांवरून घेतलेले तीन पडून आहेत, आणि वाजवतो मी अजून सॅक्सबरोबर आलेल्यावरच.