बहुमताने मंजूर झालेला सार्वजनिक खर्च आर्थिकदृष्ट्या कार्यक्षम असतोच का?

नाही. मतातून बाजू कळते, तीव्रता कळत नाही. समजा खर्च 300, तिघांत समान वाटला तर प्रत्येकी 100. दोघांना फायदा 110-110, तिसऱ्याला 20. प्रस्ताव 2-1 ने मंजूर, पण एकूण फायदा 240 च. म्हणजे 60 चा निव्वळ तोटा. उलट फायदे 90, 90 आणि 250 असतील, तर 430 चा लाभ देणारा प्रस्ताव पडतो!

अर्थतज्ज्ञ सॅम्युएलसन यांची 1954 ची कार्यक्षमतेची अट सगळ्यांच्या सीमांत लाभांची (खर्च थोडा वाढवल्यावर मिळणाऱ्या जादा लाभांची) बेरीज बघते. बहुमत मधल्या मतदारापाशी थांबतं, म्हणजे कमी ते जास्त खर्च हवा असणाऱ्यांच्या रांगेत जो मधोमध असतो त्याच्यापाशी. करवाटा समान असताना मधल्या मतदाराचा सीमांत लाभ सरासरीइतका असेल, तरच दोन्ही जुळतात, हे अर्थतज्ज्ञ बोवेन यांनी 1943 मध्येच दाखवलं होतं. अर्थतज्ज्ञ लिंडाल यांच्या पद्धतीने लाभानुसार कर लावला तर एकमतही शक्य आहे. पण खरा लाभ सांगणार कोण? कमी सांगितला की कर कमी.