गाडी किती वर्षं वापरली की पैसे वसूल होतात?

तुमची २०१८ची पेट्रोल गाडी आहे, ६२ हजार किलोमीटर झालेत, मेव्हणे म्हणतात "आत्ताच काढ, नंतर कोणी विचारणार नाही" आणि शोरूमवाला एक्स्चेंज बोनस दाखवतोय. गाडी विकू की ठेवू, असं तुम्ही विचारलंय. मी तुमच्या जागी असतो तर विकली नसती.

आमच्याकडे २०११ ची लहान पेट्रोल गाडी आहे. बायको बँकेत असल्यामुळे घरात हिशेबाची वही असते, त्यातलेच आकडे देतो. गाडी रस्त्यावर आली तेव्हा ५ लाख ६० हजार गेले. पाचव्या वर्षी एकाने ३ लाख २० हजारांना मागितली होती. म्हणजे नुसती किंमत उतरली तीच वर्षाला ४८ हजार. दहाव्या वर्षी भाव आला १ लाख ६० हजार, म्हणजे त्या पाच वर्षांत वर्षाला ३२ हजार. आज ९० हजार देतो म्हणणारे आहेत, म्हणजे गेल्या चार वर्षांत वर्षाला साडेसतरा हजार. विम्याचा तक्ताही हेच सांगतो: चार वर्षं उलटली की गाडीची किंमत निम्मीच धरतात. गाडी खरी महाग पडते ती पहिल्या पाच वर्षांत. तो फटका तुम्ही खाऊन बसलाय, आणि आता स्वस्तातली वर्षं दुसऱ्याला देऊन पुन्हा नवा फटका खायला निघालाय.

शिवाय नव्या गाडीवरचा कर. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी भरावे लागतात. नऊ लाखांची घेतलीत तर ९९ हजार तिथेच गेले.

"पण जुनी गाडी खर्च काढते." काढते ना. अकराव्या वर्षी क्लच प्लेट, पुढचे शॉकअब्सॉर्बर, बुश आणि चारही टायर एकाच उन्हाळ्यात आले, ४२ हजार झाले. बायकोने वही माझ्यासमोर आपटली. पण असं वर्ष चौदा वर्षांत एकदाच आलं. एरवी आठ-दहा हजारांत भागतं. आणि ४२ हजार म्हणजे नव्या गाडीचे चार-पाच हप्ते फार तर.

मी वयापेक्षा पत्रा बघतो. माझा भाऊ रत्नागिरीत समुद्रापासून जवळ राहतो. त्याची गाडी आमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, इंजिन अजून खणखणीत. पण दाराखालच्या पट्टीला मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो बिस्किटात जावा तसा आत गेला. खालून पत्रा सडला की डेंटिंग-पेंटिंग म्हणजे नुसती रंगरंगोटी. त्याने विकली, बरोबर केलं. तुम्ही नाशिकला आहात, तुम्हाला ही भीती कमी. तरी एकदा गाडी लिफ्टवर चढवून खालून बघून घ्या, आणि ते काम विकणाऱ्या-घेणाऱ्याकडे नको, नेहमीच्या मिस्त्रीकडेच करा.

दहा वर्षांनी डिझेल आणि पंधरा वर्षांनी पेट्रोल गाडी बंद, या बातम्या वाचून घाबरू नका, तो विषय दिल्ली परिसराचा. आपल्याकडे पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करून घ्यायचं, पाच वर्षं वाढवून मिळतात.

एक अपवाद सांगतो. घरात माणसं वाढली, रोज महामार्गावर जायला लागलात आणि गाडीत एअरबॅग नाहीत, तर वसुलीचा हिशेब बाजूला ठेवा आणि बदला. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही.

आमच्या गाडीची मुदत पुढच्या जूनमध्ये संपते. नोंदणीचे पाच हजार, वर पर्यावरण कर, हे भरायचं ठरलंय. त्याआधी डिकीचं रबर तेवढं बदलायचंय, पावसात स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतंय.