रुपेरी पानांना पाऊस सोसत नाही

प्रश्न : पुण्यात आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असते. हिवाळ्यात आणलेली लॅव्हेंडरची दोन रोपे मेपर्यंत छान होती. जुलैत खालची पाने काळी पडली आणि दोन्ही गेली. कुंडीत काळी माती आणि शेणखत निम्मे-निम्मे होते.

उत्तर : ऊन बरोबर होते, घात मातीने केला. या पानांचा रुपेरी रंग म्हणजे बारीक लव. ती ऊन परतवते आणि पानातले पाणी धरून ठेवते. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्यात हे फार कामाचे. पण आपल्या जुलैत त्याच लवेत ओल अडकते, बुरशी धरते आणि खाली चिकट मातीत मुळे कुजतात. मेलेले रोप उपटून पाहा : कुजलेले मूळ तपकिरी असते, चिमटीत ओढले की साल निघून येते आणि आतला दोरा तेवढा उरतो.

पुन्हा लावताना दहा-बारा इंची मातीची कुंडी घ्या, प्लॅस्टिकची नको. दोन भाग लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा वाटाण्याएवढे विटांचे तुकडे, एक भाग चांगले कुजलेले शेणखत. लाल माती आम्ल असते, म्हणून कुंडीमागे चमचाभर चुना. युरिया अजिबात घालू नका; फूट लुसलुशीत येते, वास कमी होतो आणि पावसात तीच आधी सडते. बोट दोन पेरे आत घालून कोरडे लागले तरच पाणी, तेही बुडाशी.

जातही बघून घ्या. इंग्लिश लॅव्हेंडरला फुलायला कडक थंडी लागते; दातेरी पानांचा डेंटाटा आपल्या हवेत जास्त तग धरतो. मेअखेर एक तृतीयांश छाटा, पण पाने असलेल्या भागातच. उघड्या जून लाकडावर कात्री चालवली तर तिथून सहसा फुटत नाही. जून ते सप्टेंबर कुंड्या सज्जाखाली, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. तरीही दगावण्याची भीती असतेच, म्हणून नोव्हेंबरात तीन इंची चार-पाच फाटे ओल्या वाळूत लावून ठेवा.

प्रश्न : जोतिबाला वाहतात तो दवणा कुंडीत लावते, पण दरवर्षी चैत्रानंतर वाळतो. पाणी कमी पडते का?

उत्तर : नाही. दवण्याचे आयुष्यच एका हंगामाचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा. बी अगदी बारीक असते. कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरा, वर माती लोटू नका. वास फुलोऱ्यात सर्वात दाट असतो, काढायचा तेव्हाच. एक-दोन झाडे बियांसाठी राखा.