युरोपात एका देशात शिकलेलं दुसऱ्या देशात कसं धरतात?

शिक्षण सदस्य देशांच्याच हातात असल्यामुळे युरोपियन युनियनला सगळ्यांवर एकच अभ्यासक्रम लादता येत नाही. म्हणून १९९९ मध्ये २९ देशांनी इटलीतल्या बोलोन्या शहरात आपखुशीने जाहीरनाम्यावर सह्या केल्या: पदवीचे टप्पे सारखे, मोजमाप एक. वर्षाला ६० क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि त्यात घरी बसून केलेला अभ्यासही धरतात, जे मला फार न्याय्य वाटतं. इरास्मसवर, म्हणजे युनियनच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून दुसऱ्या देशात जाणारा विद्यार्थी निघण्याआधीच विषय कागदावर ठरवतो. त्यावर दोन्ही विद्यापीठांची सही असते, म्हणून परतल्यावर ते क्रेडिट धरले जातात. नोकरीचं मात्र वेगळं. डॉक्टर, नर्स, आर्किटेक्ट यांची पात्रता युनियनमध्ये २००५ च्या निर्देशानुसार साधारण आपोआप मान्य होते. शिक्षकांची प्रत्येक देश स्वतंत्रपणे तपासतो.