प्रोस्टेट कॅन्सरसाठी हार्मोनचं इंजेक्शन सुरू होतंय? हाडांकडे आत्ताच बघा

या इंजेक्शननं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) उतरलं की हाडं जपणारं इस्ट्रोजेनही घटतं, आणि पहिल्याच वर्षी झीज सर्वांत वेगानं होते. म्हणून सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. कॅल्शियम आहारासकट दिवसाला १०००-१२०० मि.ग्रॅ. पुरे; ड जीवनसत्त्व रक्ततपासणी पाहून.

हाडं जपणारं औषध, म्हणजे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब, द्यायचं ठरलं, तर आधी दंतवैद्य गाठा. खराब दात आधीच काढलेले बरे. नंतर काढल्यास जबड्याचं हाड सडू शकतं, आणि ते भरून येणं फार अवघड. सहा महिन्यांनी घ्यायचा डेनोसुमॅबचा डोस लांबवू नका, मणके मोडू शकतात.

सांधे आखडतात, त्यावर रोज चालणं आणि हलकी वजनं कामी येतात. पण पाठदुखीसोबत पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर त्याच क्षणी रुग्णालयात जा.