राउटरवरचा लाल दिवा

प्रश्न : आमच्याकडे फायबरचे इंटरनेट आहे. मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसतात, तरी एकही पान उघडत नाही. राउटर बदलावा का?

उत्तर : नवा राउटर घेण्याची घाई कृपया करू नका. त्या रेघा फक्त मोबाइल आणि राउटर यांच्यातला संपर्क दाखवतात. बाहेरून इंटरनेट येते आहे की नाही, हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी राउटरवरचे दिवे पाहावेत. ‘एलओएस’ (LOS, म्हणजे सिग्नल तुटल्याची खूण) या अक्षरांजवळचा दिवा लाल असेल, तर फायबरमधला प्रकाशच राउटरपर्यंत पोहोचत नाही, आणि मग राउटर कितीही वेळा बंद करून सुरू केला तरी उपयोग होत नाही. राउटरला जोडलेल्या फायबरच्या बारीक वायरीत केसासारखा काचेचा तंतू असतो. ती कपाटामागे दबली किंवा खिडकीच्या चौकटीत मुडपली, की प्रकाश वाटेतच निसटतो. तिला हलक्या हाताने मोकळे, मोठे वळण द्यावे. मात्र तिचे टोक काढून डोळ्यासमोर मुळीच धरू नये, कारण त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो. राउटरमागचे रिसेटचे बटणही टोचू नका, त्याने जोडणीची माहिती पुसली जाते. दिवा लालच राहिला, तर तक्रार नोंदवताना ‘एलओएस लाल आहे’ असे स्पष्ट सांगावे.